विश्वंभरपंत इंजिन खोलतात

विश्वंभरपंतांनी आजवर स्वतःच्या हातानं उघडलेली सर्वांत अवघड वस्तू म्हणजे फणस. (तोही कापा. बरक्याच्या वाटेला ते कधी गेले नाहीत.) तरीसुद्धा नवरात्राच्या तिसऱ्या दिवशी, सकाळच्या दुसऱ्या चहाला, त्यांनी बायकोला सांगून टाकलं, "गॅस्केट मीच बदलतो."

गोदावरीबाईंनी नारळ खवता खवता मान वर केली. "कुणाचं?"

"आपल्या ट्रॅक्टरचं! मी काय गावाची गॅस्केटं बदलत हिंडू?"

हा ट्रॅक्टर पंतांच्या वडिलांनी घेतलेला. महिनाभर त्याच्या रेडिएटरमध्ये बुडबुडे येत होते आणि धुराड्यातून पांढरा धूर निघत होता. म्हसळ्याच्या तुकाराम मिस्त्रीनं फोनवर नुसता आवाज ऐकून निदान केलं होतं, "हेड गॅस्केट गेलंय काका. पाणी सिलिंडरमधी शिरतंय. पण मना दिवाळीपर्यंत येल न्हाय."

आणि दिवाळीपर्यंत थांबायची सोय नव्हती. न्हावा शेव्याला नोकरीला असलेल्या वरदनं, म्हणजे चिरंजीवांनी, ट्रॅक्टरच्या शेडजागी पर्यटकांसाठी दोन एसी खोल्या बांधायचं ठरवलं होतं. दसऱ्याला दुपारी चारला भंगारवाला अल्पेश येऊन ट्रॅक्टर टेम्पोमागे दोरानं बांधून नेणार होता. पंतांनी मिनतवारी करून एवढंच कबूल करून घेतलं की, चारच्या आत ट्रॅक्टर चालू झाला, तर खोल्या परसात बांधायच्या.

"लोखंडच ते. किती जीव लावायचा त्याला?" गोदावरीबाई म्हणाल्या. बायकोही मुलाच्या पार्टीत गेलेली पाहून पंतांना फार वाईट वाटलं.

पण चौतीस वर्षं सरकारी कचेरीत काढलेला माणूस वाईट वाटलं म्हणून कामाला लागत नाही. तो आधी रजिस्टर आखतो. पंतांनी आखलं. मग बॅटरी सोडवली, पाणी काढलं, सांडून आग लागायला नको म्हणून डिझेल कॅनमध्ये काढून ठेवलं, एअर फिल्टर उतरवला, आणि प्रत्येकाची नोंद केली. हेडचे, म्हणजे इंजिनाच्या झाकणाचे, चौदा बोल्ट निघाले, तेव्हा प्रत्येकाला दोऱ्यानं क्रमांकाची चिठ्ठी बांधली. बोल्ट क्रमांक नऊ तर तीन वेळा निघाला आणि तीन वेळा नोंदवला गेला. (दोनदा त्यांनी तो स्वतःच चुकून परत बसवला होता.)

हेड उचललं आणि खाली ते सापडलं. तीन मोठ्या भोकांचं, पाणी सिलिंडरमध्ये जाऊ न देणारं तांब्याच्या पत्र्याचं गॅस्केट, काळंकुट्ट, दोन भोकांच्या मधोमध जळलेलं. खरा मिस्त्री असता, तर त्यानं ते वाडीबाहेर फेकलं असतं. पण जुनं रेकॉर्ड तीन वर्षं जपायचं, हे पंतांच्या रक्तातच होतं. त्यांनी 'जुने' अशी चिठ्ठी लावून ते पडवीत खिळ्याला अडकवलं. शेजारच्या खिळ्याला म्हसळ्याहून आणलेलं नवं अडकवलं, कारण ते वाकू नये म्हणून टांगूनच ठेवा, अशी तुकारामची ताकीद होती. नव्यावर कंपनीनं कसलासा करडा लेप दिला होता. दिसायला ते अगदीच मरगळलेलं होतं.

खंडेनवमी आली. त्या दिवशी अवजारांची पूजा करायची, त्यांना हात लावायचा नाही. पंत आरामात झोपाळ्यावर पडले. गोदावरीबाईंनी मात्र पाने, हातोडी, बोल्ट, गॅस्केट, सगळं पाटावर मांडलं आणि हळदकुंकू वाहिलं.

दसऱ्याला पहाटेच पंत उठले. पाटावर गॅस्केट असं झळकत होतं की, त्यांना क्षणभर देवाचंच काही उचलतोय असं वाटलं. त्यांनी ते बसवलं, वर हेड ठेवलं आणि तुकारामनं सांगितल्याप्रमाणे बोल्ट मधून बाहेर तीन फेऱ्यांत आवळले. साडेदहाला रजिस्टरमध्ये लिहिलं, "बोल्ट चौदा. बसविले चौदा. शिल्लक निरंक." मग पाणी भरलं आणि चावी फिरवली.

इंजिन खोकलं, थरथरलं आणि चालू झालं! पंतांच्या डोळ्यांत पाणी आलं. रेडिएटरमध्येही पाणी होतंच, आणि त्यात बुडबुडे येत होते. धुराड्यातून पांढरा धूर निघाला.

"संपलं," पंत म्हणाले, आणि हात धुवायला स्वयंपाकघरात गेले. तिथं फळीवर तीन नारळ ओळीनं उभे होते. एकही कलंडत नव्हता, कारण प्रत्येक नारळ एकेका भोकात बसला होता. भोकं करड्या रंगाच्या गॅस्केटची होती.

"अगं, हे काय?"

"तुमचं जुनं. नारळ गडगडत होते, म्हटलं बरं आहे."

"हे जुनं? मग पाटावरचं कोणतं?"

"नवं! म्हणजे मला तरी वाटलं, नवं." गोदावरीबाई फळीकडे बघत म्हणाल्या. "एक करडं होतं, एक काळंकुट्ट होतं. तांब्याची वस्तू देवापुढे काळी कशी ठेवायची? जे जास्त घाण होतं, ते आमसुलानं घासलं, तर तेच नवं दिसायला लागलं. चिठ्ठी भिजली, ती फेकली."

पंत मटकन पाटावर बसले. जळकी जागा हळदकुंकवाखाली झाकली गेली होती, आणि त्यांनी सकाळभराच्या मेहनतीनं जळकं गॅस्केटच मोठ्या इतमामानं परत बसवलं होतं.

"आता राहू दे. लोखंडच ते," ते म्हणाले.

"काय राहू दे?" गोदावरीबाई एकदम कडाडल्या. "मी या घरात कशावर बसून आले? साकव वाहून गेला होता, वऱ्हाड पलीकडे अडकलं होतं, आणि मामंजी हाच ट्रॅक्टर ओढ्यात घालून मला घेऊन आले! तुम्ही ट्रॉलीत माझ्यावर छत्री धरली होतीत. चार रात्री मला झोप नाही, आणि तुम्ही म्हणता राहू दे? उठा!"

"मग लोखंडच ते, असं का म्हणालीस?"

"तुम्हाला जमणार नाही, असं वाटत होतं. आधीच मन घट्ट करत होते." त्यांनी नारळ बाजूला काढले आणि गॅस्केट त्यांच्या हातात दिलं. "आणि वाटत होतं ते काही चुकीचं नव्हतं."

इंजिन गार व्हायलाच दुपार झाली, मग दुसऱ्यांदा ते भराभर उघडलं. गोदावरीबाई चिठ्ठ्या वाचत होत्या, पंत पाना फिरवत होते. चारला अल्पेश टेम्पो घेऊन आला, तेव्हा हेड अजून जमिनीवर होतं.

"काका, चार वाग्या," अल्पेश म्हणाला.

"आमचं घड्याळ पुढे आहे," गोदावरीबाई म्हणाल्या आणि त्याच्यापुढे नारळाच्या वड्यांची बशी ठेवली. तिसऱ्या वडीनंतर त्या म्हणाल्या, "अल्पेशभाऊ, जरा हे उचलायला हात लावता?"

"अरे काकी, हूं तो तोडवा माटे आव्यो छूं, जोडवा माटे नहीं!" पण तोडायला आलेला असला, तरी वडी तोंडात असलेल्या माणसाला नाही कसं म्हणता येणार? त्यानं हेड उचललं, बेतानं बसवलं आणि शेवटी बोल्ट क्रमांक नऊ स्वतः आवळला.

पंतांनी चावी फिरवली. एक काळा भपकारा आला आणि मग धूर स्वच्छ. पाणी निवांत. एक बुडबुडा नाही! वरदला फोन लावून इंजिनचा आवाज ऐकवला. तो म्हणाला, "बरं बाबा. खोल्या परसात."

आता सीमोल्लंघनाला वेशीवरच्या देवळात ट्रॅक्टरनंच जायचं ठरलं. पंत टोपी घालून स्टीअरिंगवर, गोदावरीबाई आपट्याची पानं घेऊन मडगार्डवर. अल्पेशचा टेम्पो तेवढ्या वाटेपुरता मागे होता. गावानं बघावं, असा थाट होता.

अर्ध्या वाटेत ट्रॅक्टर हळू झाला, दोन आचके दिले आणि बंद पडला.

पंतांनी बोनेट उघडलं. गोदावरीबाईंनी पिशवीतून रजिस्टर काढलं आणि नोंद क्रमांक तीनवर बोट ठेवलं. नळीत आणि टाकीच्या तळाशी उरलेल्या डिझेलवर गाडी इथवर आली होती.

अल्पेशनं टेम्पो पुढे घेतला आणि दोर काढला.

वेशीवर सगळा गाव जमला होता. पुढे भंगारवाल्याचा टेम्पो, मागे दोरानं बांधलेला ट्रॅक्टर आणि त्यावर टोपी घातलेले पंत, हे पाहून शेजारच्या नीराबाईनं तोंडावर पदर घेतला. "अरं देवा! शेवटी दिलाव काय वो भंगारात? आनी सनासुदीचं!"

"दिला नाही! चालू आहे!" पंत वरून ओरडले. "इंजिन एकदम चालू आहे!"

"व्हय काका, व्हय," लोक त्यांची समजूत घालू लागले. दोघातिघांनी तर त्यांना हाताला धरून खाली उतरवलं.

गोदावरीबाईंनी त्यांच्या हातात आपट्याचं पान ठेवलं. मग रजिस्टर उघडून शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, "इंजिन उत्तम. डिझेल घरी."