गुलाबी थंडीतली निधनवार्ता

मुलांनो, एका जंगलात, म्हणजे पार उत्तरेला, जिथे नद्यासुद्धा हिवाळ्यात वाहणे बंद ठेवतात अशा एका जंगलात, बरेच प्राणी राहत होते. जंगलाला जंगल म्हटलेले त्यांना आवडत नसे. वेशीवर त्यांनी 'महानगर' अशी पाटी लावून घेतली होती.

पाटी लावली तरी थंडी पडायचीच.

तिचा बंदोबस्त करायला एक शीतनिवारण समिती होती. समितीचे अध्यक्ष अस्वलराव. ते मार्गशीर्षात झोपत आणि थेट फाल्गुनात उठत. गेल्या पाच वर्षांत थंडीची एकही तक्रार आपल्या कानावर आली नाही, असे ते अभिमानाने सांगत. ते खरेही होते.

झोपण्यापूर्वी त्यांनी एक चांगला नियम मात्र करून ठेवला होता. 'थंडीने एक जरी जीव गेल्याचे वर्तमानपत्रात छापून आले, तर सरकारी कोठीतले सुके गवत सर्वांना वाटावे.' नियम ऐकून प्राण्यांना भरून आले. कोठीही भरलेलीच राहिली.

कारण वर्तमानपत्र एकच होते. 'दैनिक हिमवार्ता'. ते भूर्जाच्या सालीवर छापत. संपादक होते धनेशराव. धनेश पक्ष्याची चोच तुम्ही चित्रात पाहिली असेल. धनेशरावांची चोच एवढी मोठी होती, की तिच्यापलीकडचे त्यांना फारसे दिसत नसे.

त्या वर्षी संक्रांतीच्या आदल्या दिवशी सगुणा खारीचा नवरा, बळवंत, गेला.

तिसऱ्या दिवशी सगुणा 'हिमवार्ते'च्या कचेरीत आली. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत महानगरात 'गोड बोला' मोहीम असे. त्या दिवसांत कडू शब्द कोणी उच्चारायचा नाही. छापायचा तर नाहीच.

"या, सगुणावहिनी," धनेशराव म्हणाले. "आधी तिळगूळ घ्या."

"यंदा आम्हाला सण नाही, भाऊजी."

"हो, हो. कळलं मला. फार वाईट... म्हणजे, फार ते झालं."

"बातमी द्यायची होती. 'थंडीने गेले', एवढं छापा. म्हणजे कोठी उघडेल. घरात दोन पिल्लं आहेत आणि ढोलीला अस्तर नाही. परवापासून धाकटीचे पाय गार लागतायत."

धनेशरावांनी चोच खाजवली.

"तुम्हाला सण नसला तरी आम्हाला आहे ना, वहिनी. उद्या शंभर पानी विशेषांक निघतोय. सगळ्या शुभेच्छाच शुभेच्छा. त्यात 'थंडीने गेले' फार कडू लागेल. 'अल्पशा आजाराने' म्हणू या?"

"आजारी नव्हते हो. आदल्या संध्याकाळी एका अक्रोडावरून माझ्याशी भांडले होते."

"मग 'वृद्धापकाळाने'?"

"तीन वर्षांचे होते."

"खारीला तीन म्हणजे..."

"तीन म्हणजे तीनच."

धनेशरावांनी लिहिलेले 'वृद्धापकाळाने' खोडले. सगुणाच पुढे म्हणाली, "ढोलीच्या तोंडाशी वाऱ्याकडे पाठ करून बसले होते. पिल्लांना वारा लागू नये म्हणून. सकाळी मी 'अहो' म्हटलं. ओ आली नाही."

धनेशरावांची चोच खाली गेली. माणूस वाईट नव्हता. पक्षी म्हणून तर नव्हताच.

"ठीक आहे," ते म्हणाले. "थंडी हा शब्द छापतो. पण नुसती थंडी वाचकाला सोसत नाही. तिच्याआधी 'गुलाबी' लावतो."

"गुलाबी?"

"आमच्या अंकात थंडी गुलाबीच असते, वहिनी. आजोबांपासूनची पद्धत आहे."

सगुणाने विचार केला. थंडीचा रंग कुठला का असेना. थंडी छापून आली म्हणजे कोठी उघडली.

"लावा," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी विशेषांक निघाला. सत्तेचाळिसाव्या पानावर 'लांडगे मित्रमंडळातर्फे तमाम मेंढ्यांना हार्दिक शुभेच्छा' होत्या. त्यांच्याखाली एक छोटी चौकट होती.

'गुलाबी थंडीचा आस्वाद घेताना बळवंत खार यांचे सुखद निधन.'

सगुणा अंक ओढत ओढत कोठीवर गेली. कोठीवर साळिंदरगुरुजी बसत. पूर्वी ते शाळेत व्याकरण शिकवायचे. त्यांनी पाठीवरचा एक काटा उपसला आणि त्याचे टोक एकेका अक्षरावर ठेवत चौकट वाचली.

"जमत नाही, सगुणा."

"का, गुरुजी? थंडी आहे की त्यात."

"आहे. पण नियमात 'थंडीने' आहे. तृतीया विभक्ती. इथे 'थंडीचा' छापलंय. ही षष्ठी."

"मग?"

"तृतीयेत थंडी कारण ठरते. षष्ठीत तिचा नुसता संबंध येतो. संबंध काय, सगळ्यांचाच असतो. षष्ठीवर कोठी उघडत नाही."

"पण गेले तर हेच ना, गुरुजी?"

"तो कर्ता. त्याबद्दल वाद नाही. तू असं कर, दुरुस्ती छापून आण."

"ती कधी छापतील?"

"रथसप्तमी झाली की. तोवर गोड बोलावं."

कोठीच्या फटीतून सुक्या गवताचा वास येत होता. सगुणा थोडा वेळ तिथे उभी राहिली. मग वळली.

परतीच्या वाटेवर 'हिमवार्ते'चे मागचे अंगण लागते. तिथे विशेषांकांचे गठ्ठे पडले होते. अंक इतका जाड झाला होता, की कोणी तो उचलला नव्हता. सगुणाने एका गठ्ठ्यावर पंजा ठेवला. तिने वाचले काहीच नाही. फक्त जाडी चाचपली.

दुपारभर ती फेऱ्या मारत होती. ढोलीत खाली पहिल्या पानावरचा सिंहमहाराजांचा शुभसंदेश अंथरला. भिंतींना सर्व मित्रमंडळे लावली. वाऱ्याच्या बाजूला लांडग्यांच्या शुभेच्छा दुहेरी घडी करून ठोकल्या. त्या चांगल्या दणकट निघाल्या.

शेजारच्या सशांनी ते पाहिले. सशांचे पाहून उंदरांनी पाहिले. दोन दिवसांत अंगण रिकामे झाले. धनेशरावांनी मोठ्या टायपात छापले, 'वाचकांचा उदंड प्रतिसाद. विशेषांक घराघरांत पोचला.' त्या हिवाळ्यात 'हिमवार्ते'त आलेली ही एकमेव खरी बातमी.

पहिल्याच दिवशी संध्याकाळी सगुणाने धाकटीचे पाय चाचपून पाहिले होते. कोमट लागले. ती पिल्लांवर दुसऱ्या एका अंकातले उरलेले पान घालू लागली, तेव्हा थोरल्याला त्या पानावर बापाचे नाव दिसले.

"आई, यात बाबांबद्दल काय लिहिलंय?"

सगुणाने पान उजेडाकडे धरले. चौकट पुन्हा एकदा सावकाश वाचली.

"खोटं लिहिलंय."

"मग टाकून देऊ?"

"नको. जाड आहे. ओढून घे."

तात्पर्य: मुलांनो, शेवटी विजय सत्याचाच होतो, पण तोवर हिवाळा सरलेला असतो. म्हणून वर्तमानपत्र घेताना त्यात काय छापले आहे ते पाहत बसू नये. आधी जाडी पाहावी.