सर्जेरावांचे शॉकअप

राजारामपुरीतल्या आमच्या गल्लीत कुणाकडं नवी गाडी आली, की पेढ्यांच्या आधी सर्जेराव हजर. गाडीला हार घातलेला असतो, नारळ फुटायचा असतो, आणि हे गृहस्थ बोनेटवर दोन्ही तळहात टेकवून अंगाच्या सगळ्या भारानं गाडी दाबतात. सोडतात. ती कशी डुलते ते मान वाकडी करून बघतात आणि मालकाच्या तोंडावर निकाल देतात, "इंजिन झ्याक हाय. शॉकअप म्हंजे नुसती शोभा!"

बँकेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनी जीप घेतली आणि तिच्याखाली आडवे झाले. त्यानंतर बरेच महिने गल्लीला त्यांचे फक्त पाय दिसले. मी शेजारी, चहा खालीच सरकवायचो. खालून व्याख्यान यायचं, "स्प्रिंग गाडी तोलून धरतंय. पर त्याला उसळी आवरत न्हाय. ती आवरायची शॉकअपनं. गाडी बसली पायजे, आपटली न्हाय पायजे. कळलं का?"

"व्हय," मी म्हणायचो. न कळताच.

शॉकअपवर उसळी कमीजास्त करायची एक चकती होती. ती जराशी फिरवायची, शेजारच्या सीटवर काठोकाठ ताकाचा तांब्या ठेवायचा आणि गल्लीतल्या गतिरोधकावरून जीप न्यायची. ताक सांडलं की परत जीपखाली. सगळा उन्हाळा जीपला आंबट वास येत होता. त्यांच्या पत्नी, शालनवहिनी, दारातून म्हणायच्या, "ताक संपलं. आता मलाच घुसळा!"

पावसाळा सरताना मलकापूरजवळच्या माळावर चिखलादगडातून गाड्या चालवायची स्पर्धा होती. सर्जेरावांनी नाव दिलं. तिथं नव्याकोऱ्या, उंच गाड्या आणि काळे चष्मे घातलेली पोरं. एकजण म्हणाला, "काका, जुन्या गाड्यांचं प्रदर्शन पुढच्या महिन्यात हाय."

"पावणं, बाजूला व्हा. चिखल उडंल."

ओढ्यात त्या उंच गाड्या दगडावरून उसळत होत्या, एक चाक हवेत गरगरत होतं, काही तिथंच रुतल्या. सर्जेरावांनी ओढा बघितला, जीपखाली शिरून चकती थोडी सैल केली आणि निघाले. खाली चाकं वरखाली नाचत होती, वर त्यांची टोपीसुद्धा हलत नव्हती. जीप ओढा ओलांडून चढावर लागली तेव्हा सगळा माळ शिट्ट्या मारत होता. पहिला नंबर! त्याच काळ्या चष्म्यांनी त्यांना खांद्यावर घेतलं, गुलाल उधळला. हे वरून ओरडतायत, "खाली घ्या रं! तुमच्यात शॉकअप न्हाईत!"

मला वाटलं, आता गल्लीत मिरवणूक. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी वहिनींना जीपमध्ये बसवलं. मला म्हणाले, "मागं बस. धरायला कोणतरी पायजे."

वहिनींचं माहेर मलकापूरच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या वाडीत. शेवटची वाट नुसती दगडाची. कमरेच्या ऑपरेशननंतर ती वाट त्यांना झेपत नव्हती. गेल्या वेळी अर्ध्यातून रडत परतल्या होत्या. वाडीतल्या आईला खाली उतरणं होत नव्हतं, आणि लेकीला वर चढणं.

दगडं लागली तशी वहिनींनी नवऱ्याची बाही घट्ट धरली. मीही त्यांच्या सीटला हात लावून बसलो. थोड्या वेळानं त्यांनी बाही सोडली. पुढच्या वळणावर त्यांची मान सर्जेरावांच्या खांद्याकडं कलली.

जीप अंगणात थांबली. वहिनींचा भाऊ ओरडत धावत आला, "आक्का आली! आक्का आली!"

सर्जेरावांनी ओठांवर बोट ठेवलं.

"थांब की जरा. झोपलीया."

मग वहिनींची म्हातारी आईसुद्धा बाहेर आली, आणि आम्ही सगळे वहिनी जाग्या व्हायची वाट बघत अंगणात उभे राहिलो.