मार्सेलवाले सायमनकाका

सायमनकाकांनी मला फसवलं. एक-दोन दिवस नाही, अकरा वर्षं.

कापसाच्या ढिगात नुसता हात घालून आत पाणी मारलंय का, ते सांगणारा मी माणूस. हमालीतून वर येऊन श्रीरामपुरात स्वतःचं गोदाम उभं केलं, ते कुणावर विश्वास न ठेवता. आणि मला गंडवलं कुणी, तर रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून रिटायर झालेल्या, उन्हाळ्यातसुद्धा गळ्याचं बटण न उघडणाऱ्या शेजाऱ्यानं!

रोज सकाळी काका गोदामासमोर खुर्ची टाकायचे आणि दक्षिण फ्रान्समधल्या मार्सेल शहराबद्दल बोलायचे. तेही भाऊबंदांबद्दल बोलावं तसं. "ग्रीक खलाशी उतरले, त्याच दिवशी तिथल्या राजाच्या पोरीचं लग्न ठरायचं होतं. पोरीनं भर पंगतीत परक्याच्या हातात पेला देऊन त्यालाच वरलं. गाव वसलं ते असं." मग माझ्याकडं वळून, "बाप काही बोलला नाही बघ, बबन."

सीझरनं वेढा घातला. पुढं एका राजानं किल्ला बांधून तोफांची तोंडं गावाकडंच वळवली. "तापट गाव. पण वळण चांगलं." प्रत्येक शतकाच्या शेवटी हे ठरलेलं.

प्लेगचं जहाज आलं की मात्र माझी खैर नसायची. जहाज दूर अडवून ठेवायचा नियम होता, पण कापड जत्रेत विकायची घाई. व्यापाऱ्यांनी माल लवकर उतरवून घेतला आणि जवळपास अर्धं गाव गेलं.

"ओ काका, माझ्याकडं काय बघता? मी उतरवला का?"

"तू नाही रे. तुझ्या धंद्यातले."

माणूस तिथं राहून आलाय, असं मी धरून चाललो. मार्केट यार्डात सगळ्यांना तसं सांगितलंही. यंदा म्हणालो, "चला काका, तिकीट माझं. तुमी फक्त गल्ल्या दाखवा."

"नको."

"का नको? पासपोर्ट आणा तुमचा!"

"नाही."

"हरवला?"

"काढलाच नाही. मी पुण्याच्या पुढं गेलेलो नाही."

 मी ओरडलो, ते गल्ली गोळा होईपर्यंत. "मग अकरा वर्षं कोणचं मार्सेल ऐकलं मी?"

"लायब्ररीतलं," काका म्हणाले आणि दंडाला धरून मला घरात घेऊन गेले. कपाटात वह्यांची थप्पी होती. पहिल्या वहीवर लिहिलेलं: रूथच्या सासरची चौकशी.

रूथ त्यांची एकुलती एक मुलगी. परदेशात असते, एवढंच मला माहीत होतं; बाकीचं काकांनी तिथंच सांगितलं. पुण्यात नोकरीला असताना तिनं मार्सेलचा मुलगा पसंत केला. काका म्हणाले, "गाव माहीत नाही, घराणं माहीत नाही. चौकशी केल्याशिवाय मुलगी देत नाही." ती म्हणाली, "करा. मी थांबते."

आपल्याकडं चौकशी म्हणजे त्या गावातल्या पाहुण्याला एक फोन. मार्सेलात काकांचा पाहुणा कोण? त्यांनी मुळापासून सुरुवात केली. वर्ष सरलं तेव्हा ते सीझरपर्यंत पोचले होते. पोरीनं लग्न केलं. काका गेले नाहीत. चौकशी अपुरी होती!

"मग पुढं कशाला वाचत बसलात?"

"अर्धवट चौकशीवर नकार कसा द्यायचा, बबन? आणि होकार तरी?"

दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी सुरुंगानं उडवलेली बंदराकाठची वस्ती परत उभी राहिली, तिथून आजपर्यंत येऊन गेल्या ईस्टरला चौकशी संपली. त्यांनी रूथला पत्र टाकलं: गाव चांगलं आहे, माझी हरकत नाही.

आता ते सकाळी खुर्चीत गप्प बसतात. सांगायला शतकच उरलेलं नाही. पोस्टमनची सायकल दिसली की उठून उभे राहतात, ती पुढं गेली की बसतात.

रूथ, तुझा पत्ता मी वहीतून उतरवून घेतलाय, म्हणून हे लिहितोय. उशीर झाला, लई उशीर झाला, कबूल. तुझ्या बापाची बाजू घ्यायला मी आलेलो नाही, मला अजून त्यांचा राग आहे. पण समोरचा गप्प बसला की माझं डोकं फिरतं. हो म्हण, नाही म्हण, चार शिव्या घाल. त्या माणसाला उत्तर दे.