बेचाळीस सालचा वर्ल्डकप

जन्ममृत्यूच्या नोंदी ठेवणाऱ्या कचेरीत त्यांना सगळे ‘रकानेराव’ म्हणत. कारण रजिस्टरातला एखादा रकाना रिकामा दिसला, की त्यांच्या घशाखाली चहा उतरत नसे.

तर रविवारी लेकीचे होणारे सासू-सासरे पहिल्यांदाच घरी यायचे होते. मुलांनी एकमेकांना पसंत केलं होतं; राहिलं होतं ते मोठ्यांचं जमणं. लेक सहज म्हणाली, “त्यांच्या घरात फुटबॉलचं फार वेड आहे हं, बाबा.”

“मग आपल्या घरात काय कमी आहे?” रकानेराव म्हणाले. (घरात फुटबॉल नव्हता, टीव्हीवर तो लागत नव्हता, आणि रकानेरावांनी आयुष्यात लाथ मारली होती ती फक्त न उघडणाऱ्या फाटकाला.)

“बाबा, उगाच काहीतरी बोलू नका.”

“उगाच कशाला? अभ्यास करून बोलेन.”

लेकीचं शाळेतलं सामान्यज्ञानाचं पुस्तक माळ्यावरून निघालं. त्यात वर्ल्डकपची यादी होती. १९३० उरुग्वे, ३४ इटली, ३८ इटली आणि मग एकदम १९५० उरुग्वे! रकानेराव दचकले. दर चार वर्षांनी स्पर्धा, मग बेचाळीस आणि शेहेचाळीस गेली कुठे?

“छापणाऱ्याचा गलथानपणा!” ते बायकोला म्हणाले. त्यांनी स्वच्छ कागदावर यादी उतरवली. बेचाळीस साल इटलीला दिलं (लागोपाठ दोनदा जिंकलेत म्हणजे तिसऱ्यांदाही जिंकलेच असतील), शेहेचाळीस ब्राझीलला. तेव्हा कुठे जिवाला बरं वाटलं.

पण पाठ होईना. शेवटी कागद न्हाणीघराच्या दाराला आतून चिकटवला. अडलं की हात धुवायला जायचं, बघून यायचं.

रविवारी पाहुणे आले. सासरे दातांचे डॉक्टर, अबोल, हसरे. सासूबाई उंच, ताठ; आल्या आल्या बायकोच्या मागे स्वयंपाकघरात गेल्या. रकानेरावांनी डॉक्टरांना कोचावर बसवलं आणि थेट १९३० सालापासून सुरुवात केली.

“हो का? वा!” डॉक्टर म्हणाले.

चौतीसनंतर रकानेराव हात धुवून आले. अडतीसनंतर पुन्हा धुवून आले. तिसऱ्यांदा उठले तेव्हा डॉक्टर हळूच लेकीला म्हणाले, “बाबांचं पोट बरं नाही का?”

रकानेराव परतले ते अंगात वारं भरल्यासारखे. “आणि बेचाळीसची फायनल! काय सांगू डॉक्टर! इटलीने अक्षरशः खेचून आणली!”

“वा! वा!”

तेवढ्यात सासूबाई हात धुवायला न्हाणीघरात गेल्या. कागद अजून दारालाच होता! पाच मिनिटं झाली तरी दार उघडेना. उघडलं तेव्हा बाईंच्या हातात कागद होता.

“हे कोणी लिहिलं?”

लेकीने डोळे मिटून घेतले.

“मी,” रकानेराव म्हणाले.

“बेचाळीस साली वर्ल्डकप झालाच नाही. शेहेचाळीसलाही नाही. महायुद्धानं सगळं बंद पाडलं होतं.”

“त्यांच्या घरात वेड आहे” म्हणजे कोणाला, हे रकानेरावांनी विचारलंच नव्हतं. सासूबाई बावीस वर्षं फुटबॉलच्या पंच होत्या. डॉक्टरांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं.

रकानेराव उभे राहिले. “चूक झाली. मला फुटबॉलमधलं काही येत नाही. पोरीचं सगळं नीट जमावं एवढ्यासाठीच...”

बाईंनी कागदाची घडी घातली. मग म्हणाल्या, “मैदानात फाउल मिळावा म्हणून मुद्दाम पडणारे शेकड्यांनी बघितले. पोरीसाठी इतका सपशेल पडलेला माणूस आजच बघितला. बसा हो, व्याही!”

‘व्याही’ हा शब्द ऐकून लेक खुदकन हसली आणि बायकोने पदराने डोळे टिपले.

मग सगळी दुपार विहीणबाईच बोलत होत्या. पहिल्याच फायनलला चेंडू कोणाचा यावरून कशी जुंपली आणि शेवटी अर्धा खेळ एकाच्या चेंडूने, अर्धा दुसऱ्याच्या चेंडूने कसा झाला. सहासष्ट साली चोरीला गेलेला चषक पोलिसांना नाही, एका कुत्र्याला कसा सापडला. रकानेराव तोंड उघडं ठेवून ऐकत होते. यादीपेक्षा हे कितीतरी गोड होतं. जाताना विहीणबाई म्हणाल्या, “पुढच्या रविवारी आमच्याकडे या. मोठा सामना आहे.”

रविवारी मंडळी टीव्हीपुढे बसली. रकानेराव मन लावून बघत होते. गोल झाला! ते उठून टाळ्या वाजवू लागले. शेजारी डॉक्टरही उठले. खाली बसतात तोच दुसरा, मग तिसरा, मग चौथा! दोघांचे तळहात लाल झाले.

“चार-शून्य!” रकानेराव गरजले. “आता काय राहिलंय सामन्यात?”

विहीणबाईंनी टीव्हीचा आवाज कमी केला.

“बाबा,” लेक खालच्या आवाजात म्हणाली, “गोल एकच झालाय. तोच परत परत दाखवत होते.”

“मग मला कोणी थांबवलं का नाही?”

“आम्हाला वाटलं, तुम्हाला फारच आवडला,” विहीणबाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी तळहात चोळत रकानेरावांकडे पाहिलं. “अहो व्याही, मी तर तुमच्या भरवशावर उठत होतो!”