गेटवरचे आबा

आबांचे डोळे खाली पडले तेव्हा नवनाथ चहा पीत होता.

यंत्राचा आवाज थांबला म्हणून तो कप ठेवून उठला. पत्र्यावर म्हाळूआबांचा चेहरा कापून झाला होता. पागोटं होतं, कान होते, हनुवटीची कड होती. पण मध्ये चेहऱ्याच्या जागी नुसतं भगदाड होतं. दोन डोळे, नाक आणि एक झुपकेदार मिशी खालच्या ट्रेमध्ये भंगारात पडली होती. नवनाथने पकडीने मिशी उचलली आणि आतल्या खोलीत कॉम्प्युटरवर बसलेल्या बायकोपुढे धरली.

"ही घे. आबांची मिशी. हात लावू नको, गरम हाय."

पूनमने मिशीकडे पाहिलं, मग पडद्याकडे. पडद्यावर आबा अगदी धडधाकट होते.

दौंडमध्ये कुरकुंभ रस्त्याला या नवराबायकोचं गेट आणि ग्रिलचं वर्कशॉप होतं. दिवाळीत त्यांनी कॉम्प्युटरवर चालणारं पत्रा कापायचं यंत्र घेतलं होतं. लग्नाआधी पूनम केडगावच्या छापखान्यात कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका तयार करायची, त्यामुळे चित्रं करण्याचं काम आपोआप तिच्याकडे आलं. आजवर यंत्राबरोबर मिळालेल्या सीडीतले मोर, कलश आणि वेलबुट्ट्या कापून दोघांचं झकास चाललं होतं. माणसाचा फोटो घेऊन पहिल्यांदा आला तो मल्हारी.

मल्हारी कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत ऑपरेटर होता. त्याने केडगावच्या अलीकडे रस्त्याला लागून नवं घर बांधलं होतं, पण त्याचे वडील, म्हाळूआबा, तिथे राहायला यायला तयार नव्हते. मेंढरं विकून जमाना झाला, तरी आबा वस्तीवर, मेंढरांच्या वाड्याशेजारच्या जुन्या खोलीतच झोपत. "ते घर तुमचं. आमी पूजेला येऊ, जेवू आन् माघारी जाऊ," एवढंच त्यांचं म्हणणं. आईच्या माघारी म्हातारा माणूस तिथे एकटा राहतो, हे मल्हारीला रोज रात्रपाळीत आठवायचं. शेवटी त्याच्या डोक्यात आलं की गेटवर आबांचाच चेहरा लावला, तर आबा कुठल्या तोंडाने म्हणतील की घर माझं नाही?

म्हणून त्याने कुणाच्या तरी लग्नातला फोटो आणून दिला होता. त्यात आबा पागोटं बांधून उभे होते आणि फोटोवाल्याकडे, हा माणूस आपलं काहीतरी घेऊन जाणार, अशा नजरेने बघत होते.

पूनमने तो फोटो स्कॅन केला आणि नुसता काळापांढरा करून टाकला. काळं ते ठेवायचं, पांढरं ते कापायचं. हिशेब सरळ होता. फक्त पडद्यावर डोळे हवेत तरंगू शकतात, पत्र्यात तरंगत नाहीत, हे ज्ञान दोघांना त्या सकाळी झालं.

"डोळं कशाला तरी बांधाय लागतील," नवनाथ म्हणाला.

"कशाला बांधू?"

"कानाला बांध. कान पक्कं हायेत."

पूनमने दोन्ही डोळ्यांपासून कानांपर्यंत बारीक पट्ट्या काढल्या, डोळे एकमेकांना जोडले, मधल्या पट्टीला नाक टांगलं आणि मिशीची टोकं गालांना चिकटवली. नवा पत्रा चढला. या वेळी काही पडलं नाही, पण यंत्राच्या उष्णतेने पट्ट्या वाकल्या आणि आबांचा डावा डोळा गालावर उतरून बसला.

"हे बघून आबा घरात येतील व्हय?" नवनाथने विचारलं. "गाव सोडून जातील."

पूनम चिडली. तिने पट्ट्या जाड केल्या. जाड पट्टी डोळ्यालाच टेकली तर डोळा बुजायचा, म्हणून डोळ्याभोवती गोल कडं घातलं, डोळ्याची टोकं कड्याला टेकवली आणि पट्टी त्या कड्याला जोडली. तिसरा पत्रा उतरला तेव्हा चेहरा दणकट झाला होता. नवनाथने हातोडीने ठोकून पाहिलं. डोळा हलला नाही.

"चष्म्यावानी दिसतंय गं," तो म्हणाला.

"दिसू द्या. म्हातारपणी कुणाला लागत न्हाई?"

रंग लागला, गेट तयार झालं. मल्हारी दिवसपाळीत अडकलेला, त्यामुळे ते त्याने न बघताच पप्पूच्या टेम्पोतून थेट घरी गेलं. वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी मिस्त्रीने ते बसवलं. संध्याकाळी मल्हारी घरी आला तर त्याची बायको अंजना डोक्यावरचा पदर धरून गेटपुढे उभी होती.

"हे मामंजी न्हाईत," ती हळू आवाजात म्हणाली.

"मग कोन?"

"इनामगावचं मामा."

मल्हारीने बघितलं. पागोटं, मिशी आणि वर आबांना कधीच नसलेला गोल जाड चष्मा. थेट तात्याबा. मल्हारीचे सख्खे मामा, आबांचे मेव्हणे, आणि पंचक्रोशीतला एकमेव माणूस ज्याच्याशी आबा बोलत नव्हते. मल्हारीच्याच लग्नात तात्याबांना फेटा सगळ्यांच्या शेवटी बांधला गेला होता. नवऱ्या मुलाचा मामा तो, आणि त्याला शेवटी फेटा. तात्याबा न जेवता निघून गेले. पुढे बहीण वारली तेव्हा ते आले, रडले, पण दाजींशी अवाक्षर न बोलता परत गेले.

मल्हारीने नवनाथला फोन लावला.

"नवनाथराव, तेवढा चष्मा काढून द्या."

"काढता येत न्हाई. चष्मा काढला की डोळं पडत्यात."

"आन् डोळं पडलं तर?"

"नाकबी जातंय. नाक चष्म्यावरच हाय."

मल्हारीने गेटवर चादर टाकायची ठरवलं. सकाळी अंजनाने नवीन चादर बांधलीही. पण टेम्पोवाला पप्पू शिरूरकडचा होता. गेट पोचवून घरी जाताना तो इनामगावला चहाला थांबला होता आणि समोर बसलेल्या तात्याबांना त्याने सहज विचारलं होतं, "मामा, तुमचा फोटू त्या गेटवर कसा काय?"

पूजा चालू असतानाच तात्याबा जीपमधून उतरले. नवं धोतर, नवं पागोटं. कुणाला काही न विचारता त्यांनी चादर बाजूला केली आणि बराच वेळ गेटकडे बघत राहिले. मग चष्मा काढून धोतराच्या सोग्याने डोळे पुसले.

"मल्हारी," ते म्हणाले, "मामाला इसरला न्हाईस बाबा तू."

जेवायला बोलावलेले नवनाथ आणि पूनम मांडवाच्या खांबाआड सरकले. एवढ्यात वस्तीकडून काठी टेकत आबा आले.

आबा गेटपुढे उभे राहिले.

"हे कोन?" त्यांनी विचारलं.

"मीच की, दाजी," तात्याबा म्हणाले.

आबांनी गेटकडे पाहिलं, तात्याबांकडे पाहिलं, पुन्हा गेटकडे पाहिलं. त्यांचा हात नकळत स्वतःच्या मिशीवर गेला. मल्हारीने डोळे मिटून घेतले.

"चांगलं केलंय," आबा म्हणाले. "फकस्त नाक लई सरळ दावलंय. तुजं येवढं सरळ न्हाई."

तात्याबा हसले. मग आबाही हसले. अंजनाने घाईघाईने फेटे आणवले आणि पहिला फेटा, गुरुजींचा मंत्र अर्धवट थांबवून, पागोट्याच्या जागी तात्याबांना बांधायला लावला. दोघे म्हातारे एका पंगतीला शेजारी बसले. पूनम वाढायला गेली तेव्हा तात्याबा पाणी पीत होते. आबांनी तिला बोटाने खाली वाकायला सांगितलं.

"पोरी, मिशी माजी हाय ना?"

पूनमच्या हातातली बुंदी ताटाबाहेर सांडली. "व्हय आबा. फोटू तुमचाच हुता. चुकलं आमचं."

"बोलू नको कुटं," आबा म्हणाले आणि शांतपणे भात कालवायला लागले.

तात्याबा जाताना गेटवरून हात फिरवून गेले. पाहुणे पांगले. मल्हारीने मोटरसायकल काढली आणि आबांना वस्तीवर सोडायला हाक मारली. आबा पायरीवरून उठले नाहीत.

"माजं अंथरून हिकडं आन," ते म्हणाले.

मल्हारीला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "इथं झोपताय आबा?"

"मग काय करू? घर माज्या पोराचं, आन् दारात हा उभा. येनाऱ्याजानाऱ्याला खरं सांगाय कुनीतरी नको का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी गेटच्या आत प्लास्टिकची खुर्ची आली आणि खुर्चीत आबा. रस्त्याने जाणाऱ्या एका सायकलवाल्याने गेटकडे बघून विचारलं, "इनामगावच्या तात्याबांचं घर व्हय हे?"

"न्हाई," आबा म्हणाले. "त्यो नुसता दाराव असतुया. ऱ्हायला मी हाय."