गठुड्याच्या झोपेचं अ‍ॅप

बाळंतपणाच्या रजेनंतर ती सोमवारी पहिल्यांदा ऑफिसला जाणार होती. त्याआधी मुलीला झोपवायची विद्या नवऱ्याच्या हाती सोपवायची होती. मुलीला घरात गठुडं म्हणत, आणि गठुडं आजवर आईखेरीज कुणाकडेही झोपलं नव्हतं. पहिल्याच दुपारी झोपेचा बोजवारा उडाला तर नोकरीवर पाणी सोडायचं, हे तिनं मनाशी पक्कं केलं होतं.

"तोंडी सांग की," नवरा म्हणाला.

"तोंडी सांगितलेलं तुझ्या या कानातून शिरतं आणि त्या कानातून जातं. लिहूनच ठेवते. आणि स्वतःचं डोकं चालवू नकोस, लिहिलंय तेवढंच कर."

लिहायचं म्हटल्यावर नोंदींचं अ‍ॅप आलं, आणि अ‍ॅप म्हटल्यावर कुठलं, हा प्रश्न आला. एकात नोंदी एकमेकींना जोडता येत, पण इंटरनेट गेलं की ते मान टाकायचं. दुसऱ्यात कप्पे सुरेख, पण ठेवलेलं सापडेल तर शपथ. तिसरं सगळं करायचं, फक्त उघडेपर्यंत गठुड्यानं घर डोक्यावर घेतलेलं असायचं. रविवारभर तिनं तिन्हींचे गुणदोष सविस्तर लिहून काढले. झोपेच्या सूचना पहिल्यात सुरू झाल्या, दुसऱ्यात अडकल्या आणि संध्याकाळी तिसऱ्यात येऊन पडल्या. ते अ‍ॅप तिनं नवऱ्याच्या आणि सासऱ्यांच्या फोनवरही टाकलं; एकानं केलेला बदल त्यात तिघांनाही दिसे.

सासरे छापखान्यातले निवृत्त मुद्रितशोधक. समोर आलेला मजकूर जसाच्या तसा सोडणं त्यांच्या हाताला ठाऊक नव्हतं. औषधाच्या बाटलीवरचं लेबलही ते पेन घेऊनच वाचत.

सोमवारी दुपारी नवऱ्याचा फोन आला. मागे गठुड्यानं टाहो फोडला होता.

"थोपटलं. नाही झोपत."

"किती थोपटलंस?"

"एकदा. आता वाट बघतोय."

"एकदा?"

"'थोपटावे' एवढंच आहे इथं."

"अरे, मी लिहिलं होतं, थोपट, थोपट, थोपटत राहा, परत थोपट!"

पलीकडून सासऱ्यांचा समाधानी आवाज आला. "पुनरुक्ती होती, सूनबाई. काढली. 'उगी उगी'मधलंही एक उगी कमी केलंय."

"अहो बाबा, पुनरुक्तीवरच तर झोपते ती!" मग ती नवऱ्यावर घसरली. "आणि तुला कळत नाही?"

"डोकं चालवू नकोस, असं कोण म्हणालं होतं?"

"बरं, पहिल्या अ‍ॅपमध्ये बघ. जुनं असेल तिथं."

"पासवर्ड?"

"तो दुसऱ्यात आहे."

"आणि दुसऱ्याचा?"

तेवढ्यात साहेबीणबाईंनी मीटिंगला हाक मारली. फोन बंद करून आत जावं लागलं. आत आकडे चालले होते, हिच्या कानात टाहो.

बाहेर येऊन पाहते तर एकही फोन आलेला नाही. रडणारं मूल परवडलं, पण ही शांतता नको. तिनं नवऱ्याला लावला, सासऱ्यांना लावला. कुणीच उचलेना. साहेबीणबाई तिच्या तोंडाकडे बघून म्हणाल्या, "जा बाई घरी. आज तुझं काही खरं नाही."

घरी येऊन तिनं किल्ली फिरवली. खोलीत गठुडं हातपाय पसरून गाढ झोपलं होतं. शेजारच्या खुर्चीत सासरे, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, तोंड उघडं. नवरा ओठांवर बोट ठेवून उभा.

"कसं काय?" तिनं कुजबुजत विचारलं.

"तुझ्या सूचना शोधताना ते गुणदोष सापडले. म्हटलं, यातच असेल काहीतरी. मोठ्यानं वाचायला लागलो. पहिलं अ‍ॅप संपायच्या आत झोपली."

"आणि बाबा?"

"ते दुसऱ्याच्या कप्प्यांपर्यंत टिकले. सवय आहे त्यांना वाचनाची."

तिला हायसं वाटलं आणि लगेच रागही आला. एवढी मेहनत करून लिहिलेलं!

"मग कुठलं चांगलं, ते तरी कळलं का?"

"शेवटपर्यंत कुणी जागं राहिलं तर कळणार ना! पण उद्याला हेच पुरेल का?"

ती पलंगाच्या कडेला बसली. एका हातानं गठुड्याला थोपटत तिनं दुसऱ्या हातानं चौथं अ‍ॅप उतरवायला घेतलं.

"याचेही गुणदोष लिहिते सविस्तर," ती म्हणाली. "फक्त बाबांच्या हाती लागू देऊ नकोस."