एक प्रवासी बाकी

आमच्या शेजारचे देवरेकाका कॉम्प्युटरवर गोळी झाडायच्या आधी गावाचं नाव घेत. "कळवण!" म्हणत, की ठो. "सटाणा, ताहाराबाद!" की पुन्हा ठो. समोरचा प्राणी गरगर फिरायचा, शिंकायचा आणि नाहीसा व्हायचा. मग काका खुर्चीत मागे रेलून समाधानानं म्हणत, "रवाना." आमच्याकडे पहिल्यांदा येणाऱ्या माणसाला भिंतीपलीकडून हे ऐकू आलं, की शेजारी कुणीतरी भूगोलाची शिकवणी घेतंय असंच वाटायचं.

काका नाशिकरोडच्या बस स्टँडवर कंट्रोलर होते. जाळीच्या खिडकीमागे बसून माइकवरून गाड्या सोडायच्या, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. स्टँडच्या भोंग्यातून कुणी काय बोलतंय हे सहसा कळत नाही, पण काका बोलले की वेळुंज्याच्या म्हातारीलाही आपली गाडी कुठे लागली ते कळे. निवृत्त झाल्यावर माइक गेला, आवाज राहिला. कॉलनीतल्या लग्नात पंगत बसवायची असली, की काका दारात उभे राहत. "पुढे सरकत चला, मागे जागा आहे, दारात गर्दी करू नका!" माणसं मुकाट्यानं सरकत. एकदा तर नवरदेवही सरकला.

हा खेळ त्यांच्या आयुष्यात आला तो माझ्यामुळे, आणि माझ्या हातून घडलेल्या मोजक्या उपयोगी गोष्टींत मी तो धरतो. नव्वदीच्या शेवटी माझ्या बायकोनं, मंजिरीनं, घरी लग्नपत्रिका छापण्याचा उद्योग काढला आणि त्यासाठी कॉम्प्युटर घेतला. कॉम्प्युटर तिचा, कमाई तिची, अक्कलही तिची. घरचा पुरुष म्हणून आपलंही काहीतरी योगदान असावं, या विचारानं मी शालिमारच्या फुटपाथवरून 'शंभर खेळ, एक सीडी' अशी एक सीडी आणली. त्यातले बरेचसे खेळ चालूच होत नव्हते. जे चालले त्यातला हा एक.

खेळ विचित्र होता. एका मोठ्या, रिकाम्या इमारतीत तुम्ही एकटे. हातात केस वाळवायच्या यंत्रासारखी बंदूक. आणि सगळ्या मजल्यांवर, जिन्यांत, कोपऱ्यांत जांभळे, वांग्यासारखे प्राणी. दोन बारके पाय, वर देठ. ते तुमच्या अंगावर फेस फेकणार, तुम्ही त्यांना गरम हवेची गोळी मारायची. ते मरत नाहीत. शिंकतात आणि आपापल्या घरी, म्हणजे कुठल्याशा ग्रहावर, पोचतात. मजला संपला की एक पाटी येते: किती आले होते, किती घरी गेले, किती बाकी.

मी खेळायला बसलो की छताकडे बघत राहायचो. बंदूक खाली कशी करायची हे मला शेवटपर्यंत जमलं नाही. पाय वांग्यांच्या ताब्यात आणि मी पंखा न्याहाळतोय, अशा अवस्थेत एकदा काका साखर मागायला आले. त्यांनी वाटी टेबलावर ठेवली.

"हे लोक कशासाठी थांबलेत?"

"शत्रू आहेत काका. मारायचं त्यांना."

पाटी आली. मंजिरीनं त्यांना ती मराठीत सांगितली. काका गंभीर झाले. "म्हणजे अडकलेले प्रवासी आहेत. विनायक, ऊठ बरं."

मी उठलो. त्या खुर्चीवर मी परत कधी बसलो नाही.

काकांनी त्या खेळाचं स्टँड करून टाकलं. टुणटुण उड्या मारणारी वांगी पेठ-सुरगाण्याची, कारण घाटाची सवय. सुस्त, ढेरपोटी असतील ती मनमाड. सुळकन जाणारं एखादं असलं, की "पुणे, विनाथांबा!" चारपाच जण एकदम अंगावर आले तर काका घाबरत नसत, रागवत. "गर्दी करू नका! मागून दुसरी गाडी येतेय!" शेवटच्या मजल्यावर एक दांडगं वांगं होतं, त्याला गोळ्यांमागून गोळ्या लागत तरी ते जाईना. काका शांतपणे म्हणाले, "सामान जास्त आहे त्याच्याकडे. वेळ लागणारच."

स्वतः हरले, तर काका हरलो म्हणत नसत. "आजची ड्यूटी झाली," असं म्हणून उठत. आणि जन्मभर गाड्या सोडलेल्या या माणसाला प्रवासाचं भयंकर वावडं. तो पडदा गरगरायला लागला की त्यांना मळमळायचं. म्हणून एका हातात माउस आणि दुसऱ्या हातात लिंबू. बंदूक चालवता चालवता लिंबू हुंगणारा योद्धा मी दुसरा पाहिलेला नाही.

मंजिरीकडे पत्रिकेचं प्रूफ तपासायला गिऱ्हाईक यायचं, तेव्हा फार पंचाईत व्हायची. एकदा एका वधूपित्यानं विचारलं, "मुहूर्ताची वेळ बरोबर घातली ना?" आणि त्याच क्षणी काका ओरडले, "सुटली, सुटली! आता धावू नका!" तो गृहस्थ खुर्चीतून अर्धा उठला. पुढे मंजिरीनं नवं यंत्र घेतलं तेव्हा जुनं, यूपीएससकट, काकांच्या घरी पोचवलं. गिऱ्हाइकांसाठी, असं ती म्हणाली. पोचवायला मात्र सगळ्यात पुढे तीच होती.

काकांच्या घरात ते बैठकीच्या खोलीत बसलं. काकू स्वयंपाकघरात. दोघांना मूलबाळ नाही. काका माइकवर शुद्ध बोलत, पण काकूंशी अहिराणीत. काकू सटाण्याकडच्या, त्या तर आमच्याशीही अर्ध्या तिकडचंच बोलायच्या. स्वयंपाकघरातून मधूनमधून त्यांचा प्रश्न यायचा, "गया का तो?"

'तो' म्हणजे तिसऱ्या मजल्यावरचा.

तिसऱ्या मजल्यावर एका कोठीच्या खोलीत एक वांगं भिंतीत अडकलेलं होतं. खेळ बनवणाऱ्यांची चूक. अर्धं आत, अर्धं बाहेर, पाय हवेत चालताहेत आणि जागचं हलत नाही. फेस फेकत नाही, त्याला गोळीही लागत नाही. खेळ त्याच्यामुळे अडायचा नाही, पुढचं दार उघडायचं. पण शेवटी पाटी यायची: बाकी, एक.

मला याचं काही वाटलं नसतं. ऑफिसात माझं पुष्कळ काही बाकी असतं आणि मी वेळेवर घरी येतो. काकांना ते सहन होईना. उड्या मारून पाहिलं, खोलीच्या मागच्या बाजूनं पाहिलं, दार लावून पुन्हा उघडून पाहिलं. मंजिरीला म्हणाले, "पोरी, यांच्या डेपो मॅनेजरला कळव." तिनं सांगितलं, काका, ती कंपनी केव्हाच बंद पडली. काकांनी हातातलं लिंबू खाली ठेवलं. मग म्हणाले, "कंपनी बंद पडली. तो कुठे जाणार?"

"काका, ते चित्र आहे," मी म्हणालो.

"चित्र आहे ते मला दिसतंय," काका म्हणाले. "अडकलंय, ते तुला दिसत नाही."

अशी वर्षं गेली. दोन हजार सालही मागे पडलं, कॉलनीत प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आला, पत्रिकांवर गणपतीबरोबर वधूवरांचे फोटो आले. काका रोज संध्याकाळी बसायचे, सगळ्यांना घरी पाठवायचे आणि तिसऱ्या मजल्यावर त्या भिंतीसमोर थोडा वेळ नुसते उभे राहायचे.

मग एके दिवशी मंजिरीला इंटरनेटवर सापडलं, की परदेशातल्या काही हौशी लोकांनी तो जुना खेळ नव्यानं घडवलाय, जुन्या यंत्रावरही चालेल असा. रंग नवे, आवाज नवे, आणि जुन्या सगळ्या चुका दुरुस्त. तिनं ते वाचून दाखवलं. काकांनी एवढंच विचारलं, "सगळ्या?"

"असं लिहिलंय."

त्या रविवारी संध्याकाळी आम्ही दोघं त्यांच्याकडे गेलो. मंजिरीनं खेळ चढवला. काकांनी नवीन लिंबू घेतलं, स्वच्छ शर्ट घातला. मला वाटतं त्यांनी दाढीही केली होती.

सुरुवातीला त्यांना काहीच पसंत पडेना. फरशी इतकी चकचकीत, की तिच्यात दिवे दिसत होते. "मंत्री येणार आहेत का आज?" वांग्यांना आता पापण्या होत्या, शिंक घुमत होती. कुठे जायचं ते दाखवणारा बाण होता. बाण पाहून काका खरोखरच दुखावले. "मला रस्ता दाखवतोय!" पण पहिला मजला झाला, दुसरा झाला, आवाज हळूहळू तापला, आणि "नांदगाव, येवला, कोपरगाव" करत काका जिना चढले.

स्वयंपाकघरातून काकू हात पुसत बाहेर आल्या. या खेळासाठी त्या बाहेर आलेल्या मी प्रथमच पाहत होतो.

काकांनी कोठीच्या खोलीचं दार उघडलं.

तो भिंतीत नव्हता. खोलीच्या मधोमध उभा होता. पूर्ण, दोन्ही पायांवर. दुरुस्त करणाऱ्यांनी त्याला बाहेर काढलं होतं, पण फेस फेकायचं शिकवायला बहुधा विसरले होते. तो नुसता पापण्या मिटत, उघडत आमच्याकडे बघत होता.

"हाणा काका!" मी ओरडलो. इतक्या वर्षांत त्या खेळात मला पहिल्यांदाच चेव आला होता.

काकांच्या तोंडून गावाचं नाव येईना. त्यांनी मान न वळवता काकूंना विचारलं, "कोठला व्हई वं?"

काकूंनी निरखून पाहिलं. "तोंडवरून ते आपलाकडलाच दिखस."

तेवढ्यात वीज गेली. आमच्या गच्चीवरून एकलहऱ्याच्या वीजकेंद्राची चिमणी दिसते, आणि तरीही संध्याकाळचं भारनियमन आम्हाला न चुकता भेटतं. पंखा थांबला. यूपीएस टीं टीं करू लागला.

"काका, लवकर!" मंजिरी म्हणाली. "ही बॅटरी जुनी आहे, आत्ता जाईल. पाठवा त्याला, नाहीतर सगळं पहिल्यापासून!"

टीं. टीं. काकांचं बोट माउसवर. नेम अगदी बरोबर लागलेला. वांग्यानं पापणी मिटली, उघडली.

काकांनी माउस सोडला. "पोरी, ते तुझं जपून ठेवायचं असतं ना, तसं ठेव याला."

"आत्ता? अहो, समोर उभाय तो! एक गोळी!"

"आता कुठे पाठवू? शेवटची गाडी गेली."

घड्याळात धड सात वाजले नव्हते. मी हसणार होतो, पण मंजिरीनं माझ्याकडे असं पाहिलं, की मी ते हसू जागच्या जागी परत घेतलं. तिनं पटापट बटणं दाबली. यूपीएसनं एक लांब सूर काढला, पडदा काळा झाला.

अंधारात चाचपडत काका मेणबत्ती शोधायला आत गेले. ते गेल्यावर काकू हळू आवाजात बोलू लागल्या.

"तिकडली गाडी, मुंबईकडली, लेट व्हई जाये," त्या म्हणाल्या. रेल्वे उशिरा यायची, आणि तोवर कळवण-सटाण्याकडची शेवटची बस सुटून गेलेली असायची. माणसं पिशव्या घेऊन स्टँडवर उभी राहायची. दवाखान्यातून परतणारी, परीक्षा देऊन आलेली, कडेवर पोर असलेली एखादी बाई. ड्यूटी संपवून काका त्यांच्यातल्या ज्याचं कुणी नसेल त्याला घरी घेऊन यायचे. सकाळी पहिल्या गाडीत स्वतः बसवून द्यायचे. "आमले पोरसोर नही. पण या घरमा दोनच ताट असं कधी व्हयनं नही."

"मग आता?" मंजिरीनं विचारलं.

"आते कोणी अडकत नही वं माय. मोबाईल शे, जीप शे." काकूंनी पदरानं चष्मा पुसला. "रिटायर व्हयनात तव्हापासून दोनच."

काका मेणबत्ती घेऊन आले. तिच्या उजेडात त्यांनी काळ्या पडद्याकडे एकदा पाहिलं आणि मेणबत्ती त्याच्या शेजारीच टेबलावर लावली.

"उद्या पाठवणार का त्याला?" मी विचारलं.

"बघू," काका म्हणाले. माइकवाला आवाज नव्हता तो. "घाई दिसत नव्हती त्याला."

आम्ही उठायला हवं होतं. आमचं घर भिंतीपलीकडे. मी चुळबुळ करून उठलोही.

"बसा हो," मंजिरी मला म्हणाली, आणि मग काकूंकडे वळून, आवाजात थोडा संकोच आणून, "काकू, एक विचारू का? आमचा सिलिंडर संपलाय. नंबर लावलाय, पण येईल तेव्हा खरा."

सिलिंडर आदल्या दिवशीच आला होता. मीच तो दारातून आत ओढला होता आणि माझी कंबर त्याची साक्ष देत होती.

"हो ना," मी म्हणालो. "फारच पंचाईत."

काकू क्षणभर आम्हा दोघांकडे बघत राहिल्या. मग आत गेल्या. तांदळाच्या डब्याचं झाकण वाजलं, आणि अंधारात, दिव्याची वाट न बघता, त्यांच्या हातानं भराभर चार माणसांचे तांदूळ मोजून काढल्याचा आवाज आला.

काका दारापाशी गेले. आमच्या चपला बाहेर पायरीवर होत्या. कुत्रं नेऊ नये म्हणून रात्रीच्या पाहुण्याच्या ठेवतात तशा त्यांनी त्या उचलल्या, आत आणल्या, आपल्या जोड्याशेजारी नीट लावल्या आणि दाराला कडी घातली.